विहिरीतील बुडी : धोके आणि दक्षता

पावसाळा संपून विहिरी भरल्या व रब्बीच्या पेरण्या आटोपल्या की पाणी देण्याची घाई सुरू होते. चार महिने बंद असलेला पंप चालू करावा तर तो पाणी ओढीत नाही. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा व शेवाळ अडकलेले असते, किंवा गाळामुळे त्याची झडप अर्धवट उघडी राहिलेली असते. अशा वेळी घरातील किंवा शेजारचा एखादा पोहणारा तरुण कपडे उतरवतो, छाती भरून श्वास घेतो व विहिरीत बुडी मारतो. बहुतेक वेळा तो काम उरकून वर येतो. कधी कधी येत नाही.

फूटव्हॉल्व्ह साफ करणे, पाइपाचा सैल झालेला जोड आवळणे, तळाशी गेलेली पाणबुडी मोटार, बादली अथवा घागर शोधणे, पाण्यात पडलेल्या जनावराला दोर बांधणे अशा कामांसाठी आपल्याकडे दम धरून बुडी मारण्याची रीत जुनी आहे. समुद्रकाठीही ती आढळते. खडकांना चिकटलेले शिनाणे काढण्यासाठी कोकणात माणसे पाण्यात उतरतात, आणि ठाणे व वसईच्या खाड्यांत बादली घेऊन तळाची रेती काढण्याची ‘डुबी’ पद्धत अनेक वर्षे चालत आलेली आहे. जागा निरनिराळ्या असल्या तरी दम धरलेल्या माणसाच्या शरीरात घडणाऱ्या गोष्टी सर्वत्र सारख्याच असतात. प्रस्तुत लेखात शेतकऱ्याच्या नित्य संबंधातील विहिरीचा विचार प्रामुख्याने केला आहे.

अपघातानंतर “तो तर पट्टीचा पोहणारा होता” असे उद्गार हमखास ऐकू येतात. ते बहुधा खरे असतात. ज्यास पोहता येत नाही तो सहसा बुडी मारण्याच्या फंदात पडत नाही. तेव्हा बुडीतील मृत्यूचे कारण पोहण्याच्या अज्ञानात नसून अन्यत्र शोधावयास हवे. ते कारण एकदा समजले म्हणजे पुढे दिलेले नियम कशासाठी आहेत हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दम कोंडण्याची जाणीव कशामुळे होते?

आपण श्वासावाटे जी हवा आत घेतो तिच्या १०० भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. शरीर तो वापरते व त्याच्या मोबदल्यात कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकते. श्वास रोखून धरला की रक्तातील प्राणवायू घटू लागतो आणि कर्बवायू वाढू लागतो. काही वेळाने छातीत कोंडल्यासारखे होऊन श्वास घेण्याची अनावर इच्छा होते.

प्राणवायू संपत आला म्हणून ही इच्छा होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. श्वास घेण्याची निकड मुख्यत्वेकरून वाढलेल्या कर्बवायूमुळे निर्माण होते. प्राणवायू किती उरला आहे हे सांगणारी तितकी तीव्र सूचना शरीराकडून मिळत नाही. प्राणवायू ठरावीक मर्यादेखाली गेला की मेंदूचे काम एकदम थांबते व मनुष्याची शुद्ध हरपते. त्याआधी घाबरणे, हातपाय मारणे, ओरडणे यांपैकी काहीच होईल असे नाही. काठावरच्यांना पाणी शांत दिसते व “अजून दम आहे गड्यात” असे त्यांना वाटत राहते.

कर्बवायू हा या ठिकाणी राखणदाराचे काम करतो. त्याने हाक दिली की मनुष्य वर येतो. त्याची हाकच बंद पाडली तर काय होते ते आता पाहू.

बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेण्याची सवय

बुडी मारण्यापूर्वी दहा-वीस वेळा भराभर खोल श्वास घ्यावेत, म्हणजे ‘दम साठतो’, अशी समजूत खेड्यापाड्यांतून आणि शहरांतील तरणतलावांवरही आढळते. ही समजूत अत्यंत घातक आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य नेहमीच्या श्वासोच्छ्वासातच १०० पैकी सुमारे ९७ ते ९८ भाग भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे तसा येथे प्रकार होतो. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा म्हणण्यासारखा वाढत नाही. मात्र शरीरातील कर्बवायू मोठ्या प्रमाणावर बाहेर फेकला जातो. परिणामी बुडी मारल्यावर कर्बवायूची पातळी हाक देण्याइतकी वाढण्यास फार वेळ लागतो. तेवढ्या वेळात प्राणवायू धोक्याच्या मर्यादेखाली जातो. मनुष्याला दम पुरतो आहे असे वाटत असते आणि त्याच अवस्थेत तो बेशुद्ध होतो.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली पाण्याखाली पोहताना शुद्ध हरपलेल्या व्यक्तींच्या हकिकती व त्यांसंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. बुडीपूर्वी भराभर श्वास घेणे आणि पाण्याखाली श्रमाचे काम करणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुरेशी पूर्वसूचना न मिळता शुद्ध जाते, हे त्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. फूटव्हॉल्व्हशी झटणारा मनुष्य नेमक्या याच दोन गोष्टी करीत असतो. श्रमाने स्नायू प्राणवायू झपाट्याने वापरतात. घरी खाटेवर बसून एक मिनिट श्वास रोखता आला, म्हणून पाण्यात पान्याने नट फिरवताना तेवढाच वेळ मिळेल असे समजू नये.

वर येतानाचा धोका

बुडी मारणारा तळाशीच बेशुद्ध होतो असे नाही. पुष्कळदा शुद्ध जाते ती वर येताना, पृष्ठभागापासून थोड्या अंतरावर, किंवा डोके पाण्याबाहेर आल्यानंतर काही सेकंदांनी. याचे कारण पाण्याच्या दाबात आहे.

पाण्यात दर १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, खाली गेले की हवेच्या एका दाबाइतका दाब वाढतो. जमिनीवर दाब १ धरला तर १० मीटर खोलीवर तो २ होतो. या दाबाने फुप्फुसातील हवा आकसते. वर ६ लिटर असलेली हवा तेथे सुमारे ३ लिटर जागेत मावते. हवा दाबली गेल्यामुळे तिच्यातील प्राणवायूचा जोरही दुप्पट होतो व तो रक्तात सहज शिरतो.

समजा, तळाशी काम करता करता फुप्फुसातील हवेत १०० पैकी केवळ ४ भाग प्राणवायू उरला. १० मीटरवर दाब दुप्पट असल्यामुळे तो जमिनीवरील ८ भागांइतके काम देतो आणि मनुष्य शुद्धीवर राहतो. तो वर येऊ लागला की दाब उतरत जातो. पृष्ठभागाजवळ त्याच ४ भागांचे काम ४ भागांइतकेच उरते, आणि एवढ्यावर मेंदू चालत नाही. म्हणजे खाली ठीक वाटत असलेला मनुष्य केवळ वर आल्यामुळे बेशुद्ध होतो. विहिरीत पाणी १० मीटरपेक्षा कमी असले तर हा परिणाम त्या मानाने कमी असतो, पण नाहीसा होत नाही. शिवाय उथळ पाण्यातही भराभर श्वास व श्रम यांमुळे शुद्ध जाऊ शकते. यास्तव “आमच्या विहिरीला पाणी ते किती!” असे म्हणून निर्धास्त राहू नये.

दाबाचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. छाती भरलेला मनुष्य पृष्ठभागावर तरंगतो; परंतु खोल गेल्यावर छातीतील हवा आकसल्याने तो जड होतो व आपोआप खाली जाऊ लागतो. विहिरीचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी उचल देते. तेव्हा खोलीवर बेशुद्ध झालेला मनुष्य स्वतःहून वर येईल ही आशा व्यर्थ होय. त्यास वर ओढावेच लागते.

कान व डोळे

पाण्यात एक-दोन मीटर खाली गेले की कानात दुखू लागते. बाहेरील दाबाने कानाचा पडदा आत ढकलला जातो, हे त्याचे कारण होय. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच नाकाकडे हवा दाबावी, म्हणजे आतील दाब वाढून दुखणे थांबते. दुखू लागण्यापूर्वीच, दर तीन-चार फुटांवर, असे करीत खाली जावे. जोर करू नये. कान मोकळा न झाल्यास तसेच पुढे न जाता वर यावे.

कळ सोसून खाली जाणाऱ्याच्या कानाचा पडदा फाटू शकतो. फाटक्या पडद्यातून थार पाणी आत शिरले की एकाएकी घेरी येते, आणि गढूळ पाण्यात वर कोणते व खाली कोणते हे समजेनासे होते. सर्दी-पडसे असताना कान मोकळा होत नाही, म्हणून तशा स्थितीत बुडी मारू नये. पाणी जाऊ नये म्हणून कानात तेलाचा बोळा घट्ट बसवतात, तीही चूक आहे. बोळ्यामुळे दाब समान करण्यात अडथळा येतो. पोहण्याचा केवळ डोळ्यांपुरता चष्मा लावून खोल जाऊ नये. त्यातील हवा आकसून डोळ्यांना इजा होते.

विहिरीचे खास धोके

वीज. पाण्यातील मोटारीच्या केबलचे वेष्टण उंदरांनी कुरतडलेले किंवा दगडाला घासून झिजलेले असू शकते. स्टार्टरचे लाल बटण दाबले म्हणजे वीज बंद झाली असे मानू नये. मेन स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढावेत व ते बुडी मारणाऱ्याच्या साथीदाराने आपल्या खिशात ठेवावेत. हल्ली पुष्कळ ठिकाणी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. वीज गेलेली पाहून मनुष्य विहिरीत उतरतो, पाळीची वीज येते आणि पंप आपोआप सुरू होतो. पाण्यात विजेचा धक्का बसणे किंवा फूटव्हॉल्व्हच्या ओढीत हात अडकणे या दोन्ही गोष्टी प्राणघातक ठरू शकतात. वीज नाही ही वीज बंद केल्याची खूण नव्हे.

अडकण. जुन्या विहिरीच्या कपारींतून उंबर-पिंपळाची मुळे पाण्यात लोंबतात. तळाशी जुने दोर, तारा, काट्याकुट्या, फुटकी भांडी व गाळ असतो. धोतर, लुंगी, साडी किंवा सैल पायजमा त्यांत गुंततो. दम धरलेल्या माणसाजवळ गुंता सोडवण्यास वेळ नसतो. म्हणून आखूड व अंगाबरोबर बसणारी चड्डी घालूनच उतरावे.

दूषित हवा. अरुंद, झाकलेल्या अथवा बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत पाण्यावरची हवा खराब असू शकते. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. कुजणाऱ्या पाल्यामुळे व घाणीमुळे हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायूही तयार होतो. विहिरीच्या आत फळीवर किंवा कपारीत ठेवून डिझेल इंजिन चालवले असल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत कोंडून राहतो. त्यास वास नसतो. बुडी मारून वर आलेला मनुष्य पहिला श्वास सर्वांत खोल घेतो, आणि तो याच हवेतून घेतो. जळता कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. कंदील विझला तर उतरू नये हे निश्चित. परंतु तो जळत राहिला म्हणून हवा निर्धोक आहे असे सिद्ध होत नाही, कारण विषारी वायू ज्योत विझवीलच असे नाही. आत मिथेन साचला असल्यास उघडी ज्योत पेटही घेईल. अशा विहिरीत बुडी मारण्याचा विचारच सोडून द्यावा.

एकामागून एक बळी. आत गेलेला भाऊ वर येत नाही असे पाहून दुसरा भाऊ उडी घेतो, त्याच्यामागून बाप किंवा शेजारी जातो, आणि एका विहिरीतून एकाच घरातील दोन-तीन प्रेते काढावी लागतात. माया मोठी असते हे खरे, परंतु दोराशिवाय उडी घेणारा मदत करू शकत नाही. या एका गोष्टीचा निश्चय घरातील सर्वांनी शांतपणे, आधीच करून ठेवावा.

बुडी टाळण्याची व्यवस्था

सर्वांत सुरक्षित बुडी म्हणजे न मारलेली बुडी. थोडा खर्च व थोडी पूर्वतयारी केली तर बहुतेक कामे काठावरून होतात.

पंप बसवतानाच फूटव्हॉल्व्हला एक मजबूत नायलॉन दोर किंवा साखळी कायमची बांधून तिचे टोक काठावरच्या खुंटाला अडकवून ठेवावे. ओढनळाचा खालचा भाग लवचीक नळाचा घेतला तर दोर ओढून फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर आणता येतो व साफ करून पुन्हा सोडता येतो. फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळापासून किमान दोन फूट वर राहील असा टांगावा आणि त्याभोवती बारीक छिद्रांची पेटी किंवा जाळी बसवावी. पाणबुडी मोटारीला केबलखेरीज वेगळा दोर बांधावा. केबलला धरून मोटार कधीही ओढू नये. पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांना मोटार टांगण्याची रीतही सोयीची आहे.

भांडी व बादल्या काढण्यासाठी तीन-चार आकड्यांचा लोखंडी गळ प्रत्येक वस्तीवर एक तरी असावा. विहिरीच्या तोंडावर जाळी टाकल्यास पाला पडत नाही व मुले-जनावरे पडण्याची भीतीही राहत नाही. पाइपाचा जोड दुरुस्त करावयाचा असल्यास शेजाऱ्याच्या पंपाने पाणी उतरवून काम करावे. एका पिकाचे एक पाणी चुकले तर नुकसान होते. परंतु ते भरून येण्याजोगे असते.

अनुभवी पाणबुड्यांची रीत

ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या बुडीवर चरितार्थ आहे अशा लोकांची रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील ‘हेन्यो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया समुद्रतळावरील शिंपले व खाद्य वनस्पती दम धरून काढतात. त्यांच्या या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. या स्त्रिया एकट्या समुद्रात उतरत नाहीत. समूहाने काम करतात व एकमेकींवर लक्ष ठेवतात. बुडीनंतर टेकण्यासाठी त्या जवळ एक तरंगता आधार ठेवतात, आणि पूर्वी तो वाळलेल्या भोपळ्याचा असे. आपल्याकडे विहिरीत पोहणे शिकताना पाठीला भोपळा बांधत, त्याचीच येथे आठवण होते.

जपानमधील ‘आमा’ स्त्रियांपैकी होडीतून खोल बुडी मारणाऱ्यांच्या कमरेचा दोर होडीवरील साथीदाराच्या, पुष्कळदा पतीच्या, हाती असतो. काम झाल्याची खूण मिळताच तो तिला वर ओढून घेतो. मन्नारच्या आखातात मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुडी मारणारेही दगडाच्या वजनाने खाली जात आणि त्यांचा दोर होडीवरचा साथीदार सांभाळीत असे.

बुडी मारणाऱ्याचा जीव त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडावयाचा नाही, हा नियम या तिन्ही ठिकाणच्या लोकांनी पाळला. मागे सांगितलेल्या शरीरशास्त्राचा निष्कर्षही हाच आहे. शुद्ध केव्हा हरपेल हे ज्याचे त्याला कळत नाही, म्हणून ते पाहणारा दुसरा माणूस हवा.

बुडी मारणे अपरिहार्य असल्यास पाळावयाचे नियम

१. एकट्याने कदापि बुडी मारू नये. काठावर किमान दोन धडधाकट माणसे असावीत. त्यांनी बुडी संपेपर्यंत दुसरे कोणतेही काम करू नये, मोबाइलवर बोलू नये.

२. बुडी मारणाऱ्याच्या छातीभोवती, काखेखालून, मजबूत दोर बांधावा. गाठ ओढल्यावर आवळणारी नसावी. दोराचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हाती व त्याशिवाय झाडाला अथवा खांबाला बांधलेले असावे. दोर हातात किंचित ताठ धरावा, म्हणजे तो कोठे गुंतणार नाही.

३. खुणा आधी ठरवाव्यात. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन हिसके म्हणजे ओढा. वरून दिलेल्या हिसक्याला खालून उत्तर आले नाही तर वाट न पाहता ओढावे.

४. वेळ घड्याळाने मोजावा, अंदाजाने नव्हे. पाण्याखाली अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक थांबू नये. अर्धे मिनिट होताच वरच्या माणसाने हिसका द्यावा व ४० सेकंद होताच ओढून घ्यावे. काम अपुरे राहिले तरी हरकत नाही.

५. सर्वसाधारण पोहणाऱ्याने १५ फुटांपेक्षा खोल जाऊ नये. पाणी त्याहून खोल असल्यास ते पंपाने उतरवावे.

६. बुडीपूर्वी दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसून नेहमीसारखा संथ श्वास घ्यावा. शेवटी एक पूर्ण श्वास घेऊन बुडी मारावी. भराभर श्वास मुळीच घेऊ नयेत.

७. एका बुडीला जितका वेळ लागला त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती घ्यावी. लागोपाठ बुड्या मारल्यास प्रत्येक वेळी थकवा साचतो. हातपाय गार पडू लागले, डोके दुखू लागले किंवा मुंग्या आल्या तर त्या दिवसाचे काम थांबवावे.

८. लवकर खाली जाण्यासाठी दगड वापरावयाचा तर तो हातात धरावा, अंगाला बांधू नये.

९. वर आल्यावर ‘सुटलो’ असे समजू नये. हवेच्या ट्यूबला किंवा पायरीला धरून प्रथम श्वास घ्यावा. साथीदाराने पुढील अर्धे मिनिट त्याच्या चेहऱ्यावरील नजर काढू नये. ओठ निळे पडणे, मान डुलणे, बोलण्यात घोटाळा होणे ही शुद्ध हरपत असल्याची चिन्हे होत.

१०. दारू प्यालेल्याने, तसेच फेफरे, हृदयविकार, दमा, फुटलेला कान यांपैकी काही असलेल्याने बुडी मारू नये. भरल्या पोटी व उपाशीपोटीही मारू नये. बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, म्हणून बुडीपूर्वी धूम्रपान टाळावे.

११. हवेने भरलेली ट्यूब, जादा दोर व चारी पायांना दोर बांधलेली बाज काठावर आधीच तयार ठेवावी. बेशुद्ध माणसाला नुसत्या दोराने काठावर घेणे कठीण जाते. बाजेवर घेऊन तो सुलभतेने वर आणता येतो.

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यालाही हे नियम लागू आहेत. तेथील उतार निसरडा असल्याने पोहणाऱ्यासही बाहेर येता येत नाही. गाठी मारलेला दोर व ट्यूब शेततळ्याच्या काठावर कायमची असावी.

मुलांच्या पैजा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले विहिरीवर पोहतात. पोहणे ही उत्तम कला आहे व ती प्रत्येकास यावी. परंतु “पाण्याखाली कोण अधिक वेळ राहतो” ही पैज मोठ्यांनी बंद करावी. पैजेत भराभर श्वास घेणे आलेच, आणि हरण्याच्या लाजेने आलेली हाकही दाबली जाते. तळाचा दगड काढून आणण्याची चढाओढही तशीच. वर्गात दहा मिनिटे खर्चून शिक्षकांनी कर्बवायूची ही गोष्ट मुलांना सांगितली तर फार मोठे काम होईल.

बेशुद्ध माणसावर करावयाचे उपचार

वर काढलेला मनुष्य उताणा निजवावा. हाक मारून व खांदे हलवून पाहावे. प्रतिसाद नसेल व श्वास नीट चालू नसेल तर क्षणाचाही विलंब न लावता उपचार सुरू करावेत. दुसऱ्या माणसाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कपाळ मागे झुकवून हनुवटी वर उचलावी. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावावे व छाती वर येईल इतपत पाच वेळा फुंकर घालावी. बुडालेल्या माणसाला प्रथम हवा हवी असते, म्हणून आरंभ फुंकरीने करावा. त्यानंतरही हालचाल वा श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर न वाकवता, सुमारे दोन इंच खोल दाब द्यावेत. गती मिनिटास १०० ते १२० असावी. ३० दाब व दोन फुंकरी असा क्रम रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत चालू ठेवावा. दमल्यास माणसे बदलावीत.

बुडालेल्यास उलटे टांगणे, पालथे घालून पोट दाबणे, खांद्यावर टाकून धावणे असे प्रकार ‘पोटातले पाणी काढण्यासाठी’ केले जातात. ते करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात व पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते. पाणी आपोआप बाहेर आले तर मान एका बाजूस वळवून तोंड पुसावे व पुन्हा उपचार चालू करावेत.

मनुष्य शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्यास दवाखान्यात नेलेच पाहिजे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो. कोरड्या कपड्यात गुंडाळून, कुशीवर निजवून न्यावे.

उपसंहार

विहीर ही शेतकऱ्याची लक्ष्मी आहे. तिच्यासाठी कर्ज काढले जाते, वर्षानुवर्षे कष्ट उपसले जातात. तिची देखभाल करताना घरातील कर्ता माणूस गमावण्याची वेळ कोणावरही येऊ नये. त्याकरिता लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. एक मजबूत दोर, एक ट्यूब, एक लोखंडी गळ व काठावर उभी राहणारी दोन माणसे एवढ्यावर बरेच साधते. प्रत्येक ग्रामपंचायतीने किंवा सेवा सहकारी सोसायटीने असा एक संच गावात सर्वांना माहीत असलेल्या ठिकाणी ठेवावा, आणि छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने गावातील तरुणांना वर्षातून एकदा तरी दाखवावे.

या रब्बी हंगामात पंप सुरू करण्यापूर्वी आपल्या फूटव्हॉल्व्हला दोर बांधलेला आहे किंवा नाही एवढे प्रथम पाहावे. नसल्यास पाणी उतरल्यावर तो बांधून घ्यावा, म्हणजे पुढील वर्षी कोणालाही बुडी मारावी लागणार नाही.